क्लच नसलेली गाडी आणि इंदूआत्या: उज्जैन ते भोपाळ, १९५६

हुकूम सोमवारी दुपारी हातात पडला आणि बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत भोपाळला हजर व्हायचं होतं. मधे एकच दिवस.

ही गोष्ट माझ्या इंदूआत्याची. ती उज्जैनला शिक्षण खात्याच्या कचेरीत स्टेनो होती, वय चौतीस, लग्नाचा विषय घरात केव्हाच संपला होता. मी तिची भाची नलू, तेव्हा सतरा वर्षांची. आज पंच्याऐंशीची आहे आणि नातीने हा ब्लॉग काढून दिल्यापासून जुने प्रवास लिहीत बसते. वाचणारे विचारतात, सगळ्यात मजेचा प्रवास कुठला? काश्मीरही पाहिलं, कन्याकुमारीही पाहिली. पण खरं उत्तर उज्जैन ते भोपाळ, अवघे एकशे नव्वद किलोमीटर.

१९५६ चा ऑक्टोबर संपत आला होता. आमचं मध्यभारत राज्य गुंडाळलं जाऊन मोठा मध्यप्रदेश होणार होता आणि राजधानी भोपाळ. कचेऱ्याच्या कचेऱ्या उचलून तिकडे चालल्या होत्या. आत्याच्या हुकमात एक ओळ होती, वेळेत हजर न झाल्यास नाव जादा कर्मचाऱ्यांच्या यादीत जाईल. सात वर्षांची नोकरी होती ती. त्यात दिवाळी तोंडावर. रेल्वेच्या डब्यांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि उज्जैनच्याच देवास गेट बसस्टँडवर बाबा दोन तास उभे राहून हात हलवत परत आले.

मार्ग निघाला तो माधव नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांकडून. गेंदालाल सेठजींची कापसाची जिनिंग होती, त्यांची इंग्रजी पत्रं आत्या टाइप करून देई. सेठजींनी एक भलीमोठी अमेरिकन गाडी घेतली होती, भोपाळच्या जावयाला दिवाळीची भेट म्हणून. ती बुधवारी जाणारच होती. "बेटी, तू उसी में चली जा," सेठजी म्हणाले. आत्याने एकटीने जायचं नाही असं आजीचं म्हणणं पडलं, म्हणून मला बरोबर धाडलं. मी आनंदाने रात्रभर झोपले नाही.

गाडी निळी होती, बोटीसारखी लांब. सुकाणू डावीकडे. आणि तिला क्लच नव्हता! सुकाणूच्या दांड्यालाच एक छोटा दांडा आणि त्याच्या वर इंग्रजी अक्षरं: पी म्हणजे उभी, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे, एल म्हणजे चढासाठी, आर म्हणजे मागे. खाली दोनच पायपट्ट्या, एक ब्रेक आणि एक अ‍ॅक्सिलरेटर. आज अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत. तेव्हा अख्ख्या उज्जैनमध्ये ही एकच असावी.

चालवणार होते सेठजींचे ड्रायव्हर भेरूलालजी, ही गाडी मात्र पहिल्यांदाच. बावन्न वर्षांचे, जाड मिशा, लष्करात लॉऱ्या चालवलेले. "पच्चीस साल हो गए, एक खरोंच नहीं," हे वाक्य ते दिवसातून तीनदा म्हणत. सेठजींनी त्यांना बजावलं होतं की जावयाच्या दारात गाडी जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे, नाही तर दुसरी नोकरी बघा.

सकाळी सहाला निघालो, तिघंही पुढच्या लांब सीटवर. गार सकाळ, इंजिन थंड, म्हणून ते जोरजोरात घुमत होतं. भेरूलालजींनी ब्रेकवर पाय न ठेवता दांडा सरळ डी वर ओढला. गाडीने अशी उडी मारली की आमच्या फाटकाबाहेरची पाण्याची बादली चेपून सपाट झाली आणि आजीने दिलेला चकल्यांचा डबा आत्याच्या मांडीवरून थेट खाली.

"हे काय झालं?" आत्या ओरडली.

"कुछ नहीं बेनजी. नई है, बिदकती है," भेरूलालजी म्हणाले, जणू घोडीबद्दल बोलत होते.

पुढची गंमत रस्त्यावर. त्यांचा डावा पाय पंचवीस वर्षं क्लच दाबत आलेला. समोर बैलगाडी आली की तो आपोआप पुढे जायचा आणि क्लचच्या जागी रुंद ब्रेकच सापडायचा. खाड्कन गाडी थांबे, आम्ही तिघंही काचेकडे. देवासपर्यंतच्या पंचवीस मैलांत असं नऊ वेळा झालं, मी मोजलं. मला हसू आवरेना, आत्या मला चिमटे काढत होती आणि भेरूलालजींचे कान लाल होत होते.

देवासला चहा-पोह्यांसाठी थांबलो. जाणार असाल तर सांगते, माळव्यातले पोहे सकाळी नऊच्या आत खावेत, वर शेव आणि जिरावण मसाला भरपूर मागावा. बाजूला जिलबी असतेच. आम्ही गाडीतच बसून खाल्लं. भेरूलालजींनी दांडा डी वरच ठेवला होता, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. मग खिडकीतून चहाचा ग्लास घ्यायला ते वाकले आणि पाय सुटला. गाडी कुणाला न सांगता हळूहळू चालू लागली, अगदी फेरफटका मारायला निघाल्यासारखी. समोर एक कुंभारीण पणत्यांची टोपली मांडून बसली होती. कर्र कर्र असा आवाज आला तेव्हा कुठे भेरूलालजींनी ब्रेक दाबला.

सात पणत्या फुटल्या. कुंभारीण उठली, कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत म्हणाली, "इसको भी दिवाली की इतनी जल्दी है क्या?" सगळा बाजार हसला. आत्याने उरलेल्यांतल्या दोन डझन पणत्या घेतल्या आणि बाई खूश झाली. भेरूलालजी मात्र हसले नाहीत. गाडीचा बंपर हाताने पुसत राहिले. चरा नव्हता, तरी दोनदा वाकून त्यांनी खात्री केली.

देवास सोडल्यावर आत्याने समोरचा कप्पा उघडला. आत गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, कुणी न उघडलेलं. भेरूलालजींना इंग्रजी येत नव्हतं आणि सेठजींना चष्मा सापडत नव्हता. आत्या वाचू लागली आणि वाचता वाचता हिंदीत सांगू लागली, कचेरीत साहेबांना पत्र वाचून दाखवावं तशी.

"भेरूलालजी, इसमें लिखा है, इंजन चालू है तो गाड़ी हमेशा थोड़ा धक्का देती रहती है. क्लच नहीं है ना, उसको रोकनेवाला सिर्फ़ ब्रेक है. इसलिए पहले पैर ब्रेक पर, फिर डंडा. हर बार."

"हओ," भेरूलालजी म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता.

"और आगे से पीछे करना हो तो पहले गाड़ी पूरी रुकनी चाहिए. चलती में डंडा बदला तो अंदर का सामान टूटेगा. और बायाँ पैर काम का नहीं, उसको पीछे रखना."

"बेनजी, ये पैर पच्चीस साल का नौकर है. इसको छुट्टी कैसे दूँ?"

आत्याने विचार केला आणि आपली लोकरीची शाल काढली. गाडी थांबवायला लावली. "नलू, खाली उतर आणि काकांचा पाय बांध." मी उतरून, दार उघडून, भेरूलालजींचा डावा घोटा सीटच्या लोखंडी पायाला शालीने बांधला. ते वर बघत रामराम म्हणत होते. पण त्यानंतर सोनकच्छपर्यंत आम्ही एकदाही काचेवर आपटलो नाही. प्रत्येक वेळी थांबताना, निघताना ते मोठ्याने म्हणत, "पहले ब्रेक, फिर डंडा," आणि मग आम्ही तिघंही म्हणू लागलो.

तो रस्ता तेव्हा काय सुंदर होता! आता चौपदरी आहे, टोल भरा आणि तीन-साडेतीन तासांत पोचा. तेव्हा एका गाडीपुरतं डांबर आणि दोन्ही बाजूंना काळी माती. सोयाबीन अजून माळव्याला माहीत नव्हतं. उंच ज्वारी, मधेच फुटलेला कापूस, आणि नांगरलेल्या शेतांतून बगळे. मी उजव्या खिडकीशी. सुकाणू डावीकडे असल्याने पुढच्या गाडीला ओलांडताना भेरूलालजींना काही दिसत नसे, तेव्हा मी डोकं बाहेर काढून ओरडायची, "खाली है, काका!" एवढी महत्त्वाची मी आयुष्यात कधी नव्हते.

सोनकच्छच्या पुढे साताठ मैलांवर एक नाला लागला. पूल नव्हता, नुसता दगडी रपटा, त्यावरून वीतभर पाणी. आम्ही पाणी ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो तर समोर सरकीच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी चाक रुतून आडवी. भेरूलालजींनी सगळं बरोबर केलं. ब्रेक, मग दांडा पी वर, हँडब्रेक, आणि पायाची शाल सोडून, खाली उतरून मागच्या चाकांना दगड. मग बाह्या सरसावून गाडीवानाला मदत करायला गेले. चाक निघालं, बैल पुढे झाले आणि भेरूलालजींचा उजवा पाय दोन ओल्या दगडांमध्ये घसरला.

गाडीपर्यंत ते लंगडत आले. बूट काढला तेव्हा घोटा लिंबाएवढा सुजला होता, पाच मिनिटांत संत्र्याएवढा झाला.

साडेअकरा वाजले होते. भोपाळ अजून सत्तर मैल. बस दुपारी केव्हातरी येणार आणि तीही भरलेलीच. आमच्या मागे रपट्यावर आणखी दोन बैलगाड्या येऊन थांबल्या होत्या, एकीत बायका आणि लहान मुलं.

"बाएँ से चला लूँगा," भेरूलालजी म्हणाले. सुकाणूमागे बसून इंजिन सुरू केलं आणि डावा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. दांडा पी वरच होता म्हणून बरं. त्या पायाला एकच काम माहीत होतं, पूर्ण खाली दाबायचं. इंजिन असं किंचाळलं की मागचे बैल उधळायला आले. त्यांनी किल्ली बंद केली आणि सुकाणूवर कपाळ टेकवलं. "सेठ निकाल देगा," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं नव्हतं ते.

 आत्याने पुस्तक पुन्हा उघडलं, एक पान वाचलं, मिटलं.

"सरकिए भेरूलालजी. मैं चलाती हूँ."

"बेनजी, आपने कभी..."

"साइकिल चलाई है."

"ये मज़ाक की चीज़ नहीं है!"

"मज़ाक नहीं कर रही. आपको रास्ता आता है, मुझे किताब आती है. दोनों मिलके एक ड्राइवर हो जाएगा."

मी म्हणाले, "आत्या, मागे नाला आहे गं."

"ते दिसून राहिलं मला," ती म्हणाली, आणि नऊवारीचा काष्टा घट्ट करून सुकाणूमागे बसली.

भेरूलालजी मधे बसले, हँडब्रेकच्या मुठीवर हात ठेवून. मी खाली उतरून मागच्या गाडीवानांना बाजूला व्हायला सांगितलं, पण रपट्यावर बाजू अशी नव्हतीच. बायका पोरांना घेऊन उतरल्या आणि पाण्यात उभ्या राहून बघू लागल्या. मी परत आत आले. 

आत्या मोठ्याने म्हणाली, "पाय ब्रेकवर." दाबला. "दांडा एन." मग किल्ली. इंजिन सुरू झालं. "पाय ब्रेकवरच. दांडा एल, चढ आहे." दांडा खाली आला आणि गाडीला एक बारीकसा हिसका बसला, जसं कुणी पाठीला हलकेच हात लावावा. गाडी जागची हलली नाही.

"लगा?" भेरूलालजींनी विचारलं. "धक्का लगा ना? अब वो तैयार है. अब मैं हँडब्रेक छोड़ूँगा. आप ब्रेक से पैर उठा के दूसरे पे रखो, धीरे, जैसे सोते बच्चे पे चादर डालते हैं."

त्यांनी मूठ सोडली. आत्याने पाय उचलला. एक क्षण गाडी कणभर मागे गेली, चाकं दगडांना टेकली, मी डोळे मिटले. आणि मग ती पुढे निघाली. हळू, घुमत, पण पुढे! चढाच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून बायकांनी पाण्यातून टाळ्या वाजवल्या. भेरूलालजी ओरडले, "शाबास बेनजी!" आणि मग स्वतःच दचकून गप्प झाले, कारण बाईमाणसाला त्यांनी कधी शाबासकी दिली नसावी.

वर सपाटीवर आत्याने गाडी थांबवली, ब्रेक दाबून धरला, दांडा डी वर घेतला आणि विचारलं, "आता भोपाळ कुठल्या बाजूला?"

पहिले दहा मैल ती ताशी बारा मैलांनी चालवत होती. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून वळून बघत गेला. मग हळूहळू वीस, मग तीस. भेरूलालजी बाजूने सांगत राहिले. म्हैस दिसली की आधीच पाय उचला, ती कुठे जाईल तिलाही माहीत नसतं. वळणावर भोंगा. समोरून लॉरी आली तर ती हटणार नाही, आपण हटायचं. आत्या प्रत्येक वाक्याला "हओ" म्हणे, अगदी त्यांच्याच सुरात.

आष्ट्याला पार्वती नदी ओलांडून एका धर्मशाळेजवळ जेवलो. दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर कणकेचे उकडून भाजलेले गोळे, वर तुपाची धार, लसणाची चटणी. आजही त्या रस्त्याला लागलात तर हे खाच, पण गाडी चालवणाऱ्याने दोनच बाफले खावेत, तिसऱ्यानंतर झोप येते. आत्याने एकच खाल्ला. तिथल्या आचाऱ्याने भेरूलालजींच्या घोट्याला हळद-चुना लावून दिला आणि विचारलं, "गाड़ी कौन चला रहा है?" भेरूलालजींनी आत्याकडे बोट दाखवलं. आचारी हसला. कुणीच त्याच्याबरोबर हसलं नाही, तेव्हा त्याने आत येऊन आत्याच्या पानात न मागता आणखी तूप वाढलं.

सीहोरला पेट्रोल घेतलं. तेव्हा ते गॅलनवर मिळायचं आणि ती गाडी अक्षरशः पीत असे. पंपावरून निघताना आत्याने एकदाच चूक केली, ब्रेकवर पाय न ठेवता दांडा ओढला. गाडी हिसकली. मी आणि भेरूलालजी एकसुरात ओरडलो, "पहले ब्रेक!" आत्या इतकी हसली की तिला गाडी पुन्हा थांबवून डोळे पुसावे लागले. मी तिला इतकं मोठ्याने हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. घरात ती नेहमी हळूच हसायची.

भोपाळचा तलाव दिसला तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन तिरपं झालेलं, पाणी सगळं सोनेरी. तुम्ही गेलात तर चार-साडेचारलाच तलावाकाठी असा, ती वेळ चुकवू नका. आम्हाला मात्र थांबायला सवड नव्हती. कचेरी विचारत विचारत टेकडीवर पोचलो. अंगणात दहा-बारा जिपा उभ्या आणि त्यांचे ड्रायव्हर विडी ओढत बसलेले. जागा एकच, दोन जिपांच्या मधली, आणि तिथे मागे घेऊनच जावं लागणार होतं.

सगळे ड्रायव्हर उठून उभे राहिले.

आत्याने गाडी पुढे नेली, पूर्ण थांबवली. ब्रेक. दांडा आर. मी मागच्या काचेतून बघत "आओ, आओ" करत होते. भेरूलालजी मात्र हात मांडीवर ठेवून बसले. निळी बोट हळूहळू मागे सरकत बरोबर मधे जाऊन थांबली. ब्रेक. दांडा पी. हँडब्रेक. किल्ली.

पाचला वीस मिनिटं कमी असताना आत्याने हजेरीच्या रजिस्टरवर सही केली. कारकुनाने विचारलं, "कहाँ से आईं? बस से?" ती म्हणाली, "उज्जैन से. गाड़ी चला के." त्याने मान वर करून तिच्या नऊवारीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, आणि खुर्ची पुढे केली.

संध्याकाळी जावई स्वतः येऊन गाडी घेऊन गेले. भेरूलालजींनी त्यांना गाडीभोवती फिरवून चरा नसल्याचं दाखवलं आणि ब्रेकचा नियम तीनदा पाठ करून घेतला. आम्ही आत्याच्या ओळखीच्या एका मास्तरणीकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी राज्य बदललं होतं. मी आणि भेरूलालजी रेल्वेने परत निघालो, तेव्हा स्टेशनवर आत्या त्यांना हळूच म्हणाली, "सेठजी को कुछ बताने की ज़रूरत नहीं. गाड़ी आपने पहुँचाई. नलू भी नहीं बोलेगी." मी मान हलवली. 

उज्जैनला दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजींकडे गेलो. ते ओट्यावर बसून पाहुण्यांना फराळ देत होते. "कैसी चली गाड़ी?" त्यांनी विचारलं.

मी पटकन म्हणाले, "भेरूकाकांनी फार छान चालवली."

भेरूलालजी काठीवर भार देऊन उभे होते. "बच्ची झूठ बोल रही है, सेठजी," ते म्हणाले. "आधा रास्ता मैंने चलाई, सात दीये फोड़े. बाकी रास्ता बेनजी ने चलाई. सत्तर मील. गाड़ी उन्होंने पहुँचाई है. अब आपको जो करना हो कर लो."

पाहुणे सेठजींकडे बघू लागले. सेठजींनी हातातला लाडू ताटात ठेवला, भेरूलालजींच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो बैठ ना भाई, खड़ा क्यों है," आणि त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. नोकरी राहिली. पाय बरा व्हायला महिना लागला, तोवर पगारही मिळाला.

या प्रवासातून काय राहिलं असं विचाराल तर आत्याने पुन्हा कधी गाडी चालवली नाही. तिच्याकडे कधी गाडी आलीच नाही. भोपाळला एकवीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली. पण ती मोठ्याने हसायला लागली, हे आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलं.

आणि एक गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भेरूलालजी काठी टेकत आमच्या दाराशी आले, बरोबर त्यांची मुलगी कमला, अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातात कोरी वही. तिसरीनंतर तिला शाळेतून काढलं होतं.

"रोज एक घंटा इसको इंग्रेज़ी सिखा दे, बेटी," ते मला म्हणाले. "पढ़ेगी."

मी कमलाला आत घेतलं. ती पाटावर बसली, वहीचं पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे बघत वाट पाहू लागली.